ब्रूटसच्या नाण्यावर ब्रूटसचाच चेहरा कसा काय?

नाणेवेडी: मंडळी, सध्या रोमन चांदीच्या नाण्यांचा नाद लागलाय, परवा ब्रूटसच्या त्या फेमस देनारियसचा, म्हणजे चांदीच्या नाण्याचा, फोटो झूम करकरून बघत बसले होते. मागच्या बाजूला दोन खंजीर, मधे टोपी, खाली 'एइड मार' म्हणजे १५ मार्च, सीझरला मारलं तो दिवस, इथपर्यंत कळलं. पण पुढच्या बाजूला ब्रूटसचं स्वतःचंच तोंड! सीझर राजा होऊन बसेल म्हणून मारला ना याने, मग हे काय? की माझं काही चुकतंय?

जुनाछाप: नाही चुकत, बरोबर पकडलंय. रोमच्या नाण्यांवर आधी देव नाहीतर गेलेले पूर्वज असायचे, जिवंतपणी आपला चेहरा टाकला तो इ.स.पू. ४४ मधे सीझरने, आणि दोनच वर्षांत ब्रूटसने तेच केलं. ती टोपी मात्र नीट बघा, गुलामाला मुक्त केलं की त्याला तशी टोपी मिळायची, म्हणजे अख्खं रोम गुलामीतून सुटलं असं सांगायचंय. खंजिरांच्या मुठी पण वेगवेगळ्या आहेत, एक ब्रूटसचा आणि एक कटातला त्याचा साथीदार कॅशियसचा असं मानतात.

टांकसाळकर: मला तर त्याचं आधीचं नाणं बघून जास्त चटका बसतो. इ.स.पू. ५४ च्या सुमारास हाच ब्रूटस रोमच्या टांकसाळीवर अधिकारी होता, तेव्हा त्याने पाडलेल्या देनारियसवर एका बाजूला स्वातंत्र्यदेवी आणि दुसरीकडे दंडधाऱ्यांच्या मधून चालणारा त्याचा पूर्वज, ज्याने रोमच्या शेवटच्या राजाला हाकललं तो. स्वतःचा चेहरा कुठेच नाही. ४२ चं नाणं लष्करी छावणीत पडलंय, सैनिकांच्या पगारासाठी, आणि पगार कोण देतंय हे सैनिकाला दिसायलाच हवं होतं, समोर लढायला सीझरच्या बाजूचे अँटनी आणि ऑक्टेव्हियन होते ना. त्याच वर्षी ब्रूटस फिलिपीच्या लढाईत त्यांच्याकडून हरला आणि स्वतःचा जीव घेतला.

नाणेवेडी: बाप रे, ५४ चं माहीतच नव्हतं! दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघते आता.

जुनाछाप: मग तिसरा पण ठेवा. रोमन सम्राट नीरोच्या शेवटाच्या वेळी, इ.स. ६८ च्या यादवीत, कोणीतरी तीच टोपी आणि तेच दोन खंजीर परत चांदीवर उठवले, शंभर वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर. पुढच्या बाजूला फक्त स्वातंत्र्यदेवी आहे, माणूस कोणीच नाही.