मेंदूचे काप रंगवायचेत, सुरक्षित पद्धत सुचवा

मुक्ता_इंदूर:
इथे फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवते. फॉर्मॅलिनमध्ये (जतन करायच्या द्रावणात) ठेवलेले काप सगळेच करडे पडलेत. पुटामेन कुठे संपतो नि ग्लोबस पॅलिडस कुठे सुरू होतो (मेंदूच्या आतले हे दोन शेजारी भाग), हे मागच्या बाकांवरून दिसतच नाही. मलिगनच्या पद्धतीने रंगवलं की करडा भाग (ग्रे मॅटर) निळा होतो म्हणे. पण त्यात फिनॉल तापवावं लागतं आणि आमच्याकडे फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर ओढणारं कपाट) नाही. कुणी केलंय का?

दिवाकर_बडोदा:
ताई, रंग सुरेख येतो. आधी काप रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून फॉर्मॅलिन काढून टाका. मग फिनॉल, मोरचूद आणि किंचित हायड्रोक्लोरिक आम्लाच्या ६० अंशांच्या द्रावणात दोनेक मिनिटं. फिनॉलमुळे पांढऱ्या भागावर स्निग्धाचा थर बसतो, तिथे रंग धरत नाही. लगेच गार पाणी, मग फेरिक क्लोराईड, पुन्हा धुणं आणि शेवटी पोटॅशियम फेरोसायनाइड. पुटामेन डोळ्यांसमोर निळा चढत जातो, शेजारचा पॅलिडस फिकाच राहतो. पोरं आपणहून पुढे येऊन बघतात.

पण हूडशिवाय करू नका, अगदी खिडक्या उघड्या ठेवूनसुद्धा नाही. फिनॉल कातडी आधी बधिर करतं, त्यामुळे भाजल्याचं उशिरा कळतं. तपासणीचे पातळ हातमोजे पुरत नाहीत, जाड निओप्रिनचे किंवा ब्यूटिलचे घ्या. चष्मा हवाच. पॉलिएथिलीन ग्लायकॉल हाताशी ठेवा. फिनॉल अंगावर पडलंच तर त्याने पुसायचं, ते नसेल तर भरपूर पाण्याखाली धरायचं आणि थेट डॉक्टरकडे.

नाना_ग्वाल्हेर:
दिवाकरने सांगितलं त्यात एक भर. उरलेलं फेरोसायनाइड आम्लाच्या कचऱ्यात ओतू नका. तीव्र आम्ल आणि उष्णता मिळाली की हायड्रोजन सायनाइड निघतो. दोन्हींचे डबे वेगळे, त्यावर ठसठशीत लेबल.

हूडसाठी तुमच्या इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात विचारून बघा. पहिला हात खाटकाकडच्या बकऱ्याच्या भेज्यावर बसवा, अगदी ताजा घ्या. तो बेसिलर धमनीखालून (मेंदूच्या तळाशी असते ती) दोरा ओवून १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये उलटा टांगा. बरणीच्या तळाशी टेकला की चपटा होतो आणि मग काप वाकडे पडतात.

मुक्ता_इंदूर:
दिवाकर, नाना, मनापासून आभार! हूडची सोय होईपर्यंत फिनॉल मागवणार नाही. या सत्रात न रंगवलेलेच काप ॲक्रिलिकच्या बंद डब्यांत ठेवून मागून उजेड देईन. भेजा मात्र उद्याच आणते. तो टांगायला साधा शिवणाचा दोरा चालेल का?

नाना_ग्वाल्हेर:
चालेल, पण दुपदरी घ्या.