सशाच्या जबड्याखाली आणि पोटावर गाठ आलीय, कापायची की वाट बघायची?

कराडकरीण:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे चिंगी आहे, ससा, मादी, पाच वर्षं पूर्ण झाली तिला. नसबंदी केलेली नाही, एकटीच असते त्यामुळे कधी तो विषयच निघाला नाही. मागच्या महिन्यात मांडीवर घेऊन खाजवत होते तेव्हा डाव्या जबड्याखाली वाटाण्याएवढं काहीतरी टणक हाताला लागलं, आता ते सुपारीएवढं झालंय आणि हलवलं तर हलत नाही, हाडालाच चिकटल्यासारखं वाटतं. मग घाबरून सगळं अंग चाचपलं तर पोटाला मागच्या बाजूला एका सडाजवळ अजून एक गाठ, ही छोटी आहे आणि बोटाखाली सरकते. खेळतेय तशी, पण गाजर तोंडात धरून सोडून देते आणि कोथिंबीर मात्र खाते, आणि हनुवटी कधी कधी ओली दिसते.
इथले डॉक्टर गाई-म्हशींचे, माणूस चांगला आहे पण ससा रोजचा नाही त्यांना. त्यांनी लहान मुलांचं अमॉक्सिसिलीनचं सिरप दिलंय, परवापासून चालू केलंय, आणि गाठ नाहीच गेली तर इथेच चिरा देऊन पू काढू म्हणाले. आजी हळद-तुपाचा लेप लाव म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात पिकू दे आणि मग दाब. मी गुगल केलं तर मिक्सोमॅटोसिस (सशांना होणारा विषाणूचा रोग) वाचून झोपच उडाली. पुण्याला न्यायचं तर गाडी, सुट्टी, पैसे सगळंच आलं, न्यायचं तर नेईन पण खरंच गरज आहे का आणि नेलं तर नक्की काय करून घ्यायचं ते कोणी सांगेल का?

मिरचीभजी:
आमच्या सशाला पाठीवर अशीच गाठ होती, आम्ही काहीच केलं नाही, मरेपर्यंत तशीच होती आणि तो म्हातारा होऊनच गेला. ससा हा फार भित्रा प्राणी, प्रवास आणि भूल यानेच दगावतो कधी कधी. माझं मत विचाराल तर जोपर्यंत खातेय तोपर्यंत हात लावू नका.

पशुवैद्य_परभणी:
आधी ते सिरप आजच बंद करा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. अमॉक्सिसिलीन, अँपिसिलीन, क्लिंडामायसीन ही औषधं सशाला तोंडावाटे द्यायची नसतात, त्याच्या पोटातले चांगले जंतू मरतात आणि नको ते वाढतात, मग जुलाब लागून ससा एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. कुत्र्या-मांजराला हेच औषध सर्रास चालतं म्हणून गोंधळ होतो, तुमच्या डॉक्टरांनाही फोन करून सांगा, राग मानणार नाहीत. सशाला एनरोफ्लॉक्सासिन, सल्फा-ट्रायमेथोप्रिम असली औषधं चालतात, पेनिसिलीन द्यायचंच तर इंजेक्शनने, पण कुठलं आणि किती ते वजन बघून डॉक्टरच ठरवतील, इथून विचारून देऊ नका. पुढचे काही दिवस लेंड्यांवर लक्ष ठेवा, पातळ झाल्या, फार बारीक झाल्या किंवा यायच्याच थांबल्या तर गाठ राहू द्या बाजूला, थेट डॉक्टर गाठा.
आता गाठी. तुम्ही लिहिलंय त्यात दोन वेगळ्याच भानगडी दिसतात. जबड्याची गाठ टणक, हाडाला चिकटलेली, गाजर सोडून देते, हनुवटी ओली, हे सगळं दातांकडे बोट दाखवतंय. सशाचे दात जन्मभर वाढतात, दाढासुद्धा, आणि घास-चारा कमी आणि पेलेट (गोळ्यांचं तयार खाद्य), पोळी, बिस्किट जास्त असं असेल तर त्या झिजत नाहीत, मग मुळं खाली जबड्याच्या हाडात घुसतात आणि तिथे पू धरतो. सशाचा पू मांजरासारखा पातळ नसतो, टूथपेस्टसारखा घट्ट असतो, भोवती जाड पिशवी असते. म्हणून चिरा देऊन दाबलं तर थोडा बाहेर येतो, बाकीचा आतच राहतो, वरून जखम मिटते आणि महिन्याभरात गाठ परत हजर. काकूंना सांगा दाबू नका, पिशवी आत फुटली तर पू आजूबाजूला पसरतो. लेपाने त्वचेच्या खालचं काही होणार नाही, उलट चिंगी तो चाटत बसेल.
यावर इलाज म्हणजे भूल देऊन पिशवी शक्यतो सगळीच काढायची, दोषी दात काढायचा, आणि जमलं नाही तर जखम उघडी ठेवून रोज सलाईनने धुवायची. सोपं नाही, जबड्याचं परत परत होतंसुद्धा, हे आत्ताच सांगून ठेवतो. त्याच्या आधी डोक्याचा एक्स-रे हवाच, तो बघितल्याशिवाय कोणी कापायला निघालं तर तिथून उठा.
पोटाची गाठ मला जास्त खटकते. नसबंदी न केलेल्या, चार-पाच वर्षांपुढच्या माद्यांना स्तनाच्या गाठी होतात, आणि गर्भाशयाचा कॅन्सर तर या वयात इतका सर्रास दिसतो की निम्म्याहून जास्त माद्यांचे आकडे सांगतात. लघवीत कधी रक्त दिसलं का, तेवढं सांगा. तिथे आधी सुई घालून नमुना तपासायचा, कॅन्सरची शंका असेल तर छातीचा एक्स-रे काढायचा, कारण हा फुफ्फुसात जातो, तिथे आधीच पोचला असेल तर पोट फाडून उपयोग नाही. छाती स्वच्छ असेल तर गाठ आणि गर्भाशय दोन्ही एकाच भुलीत निघतात, पण जबडा आणि पोट एकदम करायचं का ते तब्येत बघून.
मिरचीभजी, तुमच्या सशाची गाठ बहुधा त्वचेतली साधी असावी, सशांत ट्रायकोब्लास्टोमा नावाची एक गाठ वारंवार होते, ती हळू वाढते आणि बहुतेक वेळा पसरत नाही. पण ते तपासल्यावरच कळतं, बाहेरून चाचपून मलाही सांगता येत नाही आणि मी रोज बघतो.

घासवाला:
सुईचा एक मुद्दा. आमच्याकडे पहिल्यांदा बारीक सुई घातली तर काहीच आलं नाही, "पू नाहीये" म्हणून परत पाठवलं, नंतर जाड सुईने काढला तेव्हा दह्याच्या घट्ट गोळ्यासारखं निघालं. म्हणजे सुई कोरडी आली तर गाठीत काही नाही असं समजू नका, डॉक्टरांना स्पष्ट विचारा.
आणि लांब जायचंच तर कराडहून शिरवळ हायवेवरच आहे, तिथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, सरकारी आहे, आधी फोन करून सर्जरी विभागात ससे घेतात का आणि एक्स-रे होईल का ते विचारून निघा. मुंबईकडचं कोणी वाचत असेल तर परळलाही पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. पहाटे निघा, सशाला ऊन अजिबात झेपत नाही, टोपलीत टॉवेल अंथरा, सोबत हरळी ठेवा आणि कानाला धरून उचलू नका (मला माहितीये तुम्ही उचलत नसाल, पण दवाखान्यात कोणीतरी उचलतंच).

रेडिंगचा_बंड्या:
मिक्सोमॅटोसिसचं सांगतो, कारण आम्ही इथे इंग्लंडमध्ये त्याच्या भीतीखाली ससा पाळतो. हा विषाणू 1950 मध्ये ऑस्ट्रेलियात सशांची संख्या कमी करायला मुद्दाम सोडला होता आणि 1953 मध्ये इंग्लंडात पोचला. डास आणि पिसवांतून पसरतो, म्हणून इथे दरवर्षी लस देतात. पण त्यात डोळे सुजतात, चिकट पाणी येतं, कान आणि गुप्तांगाभोवती सूज येते. एक गाठ जबड्याखाली, एक पोटावर, डोळे ठीक, असं चित्र ते नाही, आणि आपल्याकडच्या सशांत त्याची भीती धरायचं कारणही नाही. निवांत झोपा. म्हणजे त्या कारणासाठी तरी.

मिरचीभजी:
पशुवैद्य साहेब, पटलं. तरी एवढंच म्हणेन की पाच वर्षांचा ससा म्हणजे अर्धं आयुष्य गेलेला ससा, छातीत काही निघालं तर उगाच कापू नका, तेव्हा दुखणं थांबवणारं औषध देऊन घरीच ठेवणं यातही काही कमीपणा नाही.

पशुवैद्य_परभणी:
यावर आपलं एकमत आहे. म्हणून तर आधी एक्स-रे म्हणतोय. उपचार न करणं हाही निर्णयच, पण गाठ कसली ते कळल्यावर.

कराडकरीण:
सगळ्यांचे आभार. सिरप लगेच बंद केलं, लेंड्या अजून नीट आहेत. लघवी अधूनमधून लालसर असते, मी बीट खाल्ल्याने समजत होते, पण हल्ली बीट दिलेलंच नाही. आणि हो, पोळी तिला रोज मिळते, आजीची लाडकी आहे ती. पुण्यात मावशी राहते म्हणून तिकडच्या एका डॉक्टरांकडे नेलं. जबड्यातून जाड सुईने पांढरा घट्ट पू आला आणि एक्स-रेत एका दाढेचं मूळ खाली गेलेलं दिसतंय. पोटाच्या गाठीचा नमुना लॅबला दिलाय. छाती स्वच्छ आहे, हे ऐकून मी रडलेच. सोनोग्राफी उद्या, त्यात गर्भाशय बघणार आणि मग ऑपरेशनची तारीख. तिथला कंपाउंडर म्हणाला ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून पाणी-चारा बंद ठेवा, कुत्र्यासारखं, हे बरोबर ना?

पशुवैद्य_परभणी:
नाही. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे कुत्र्याचा नियम त्याला लागत नाही, उलट रात्रभर उपाशी राहिला की आतडी थंडावतात आणि मग ऑपरेशन झाल्यावर तेच महागात पडतं. दवाखान्यात जाईपर्यंत घास समोर राहू द्या, फार तर भुलीच्या आधी थोडा वेळ काढून घेतात, तोंडात घास राहायला नको म्हणून. आणि हे कंपाउंडरला नाही, डॉक्टरांना विचारून घ्या. शुद्धीवर आल्यावर काही तासांत तिने खायला हवं, नाही खाल्लं तर हाताने भरवायला काय वापरायचं आणि दुखण्याचं कुठलं औषध देणार तेही आत्ताच ठरवून ठेवा. लाल लघवी सशांत चाऱ्यामुळेही होते, पण या वयात सोनोग्राफीवालीला ते नक्की सांगा.

कराडकरीण:
बरं झालं विचारलं. उद्या डॉक्टरांशीच बोलते. आजीला सांगितलंय पोळी बंद, तिने मान हलवली पण तिचा काही भरवसा नाही.