सगळंच पित्त नसतं हो

डोकं दुखून उलटी झाली म्हणजे पित्तच असं कुणी कुणी म्हणतं, पण मायग्रेनमध्येही (म्हणजे अर्धशिशीत) मळमळतं, उलटी होते, बऱ्याचदा अर्धंच डोकं ठणकतं, उजेड-आवाज नकोसा होतो आणि औषध नाही घेतलं तर ४ ते ७२ तास चालतं. माझ्या बहिणीचं दादरच्या पुलावर दुपारचं ऊन डोळ्यांवर आलं की सुरू, मग लोकलमध्ये तोंडावर ओढणी घेऊन बसते बिचारी. टेन्शनवालं डोकं दुखणं वेगळं, दोन्हीकडून पट्टा आवळल्यासारखं. आणि डोकं दुखतं म्हणून रोज पॅरासिटामॉल घेत असाल तर ते आधी बघा, महिन्यात १५ किंवा जास्त दिवस असं तीन महिन्यांवर चाललं तर गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. मात्र अचानक मिनिटभरात भयंकर दुखलं किंवा बोलणं अडखळलं तर गोळी शोधत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.