नाटोची ‘थकबाकी’ नेमकी कुणाकडे?

प्रश्न: बातम्यांत सारखं येतं की युरोपीय देशांनी नाटोचे (युरोप-अमेरिकेच्या लष्करी आघाडीचे) पैसे थकवलेत, २ टक्के भरत नाहीत. ही वर्गणी भरतात कुठे?

प्रतिसाद १: कुठेच नाही. २ टक्के म्हणजे प्रत्येक देशाने जीडीपीच्या तुलनेत स्वतःच्याच सैन्यावर करायचा खर्च. २०१४ च्या नाटोच्या वेल्स परिषदेत ठरलेलं उद्दिष्ट होतं ते, बिल नव्हे. नाटोची सामायिक वर्गणी वेगळी. २०२४-२५ मध्ये त्यात अमेरिका आणि जर्मनीचा वाटा प्रत्येकी सुमारे १६ टक्के. मथळेवाले दोन्हींची खिचडी करतात, कारण ‘उधारी’ वाचकाला चटकन कळते.

प्रतिसाद २: द हेगच्या नाटो परिषदेत (२०२५) ठरलेल्या ५ टक्क्यांच्या नव्या उद्दिष्टाचंही तेच. त्यात ३.५ मूळ संरक्षणखर्च, उरलेले १.५ पायाभूत सुविधा, सायबरसुरक्षा वगैरेंवर, आणि मुदत २०३५. नुसता ‘५’ छापला की स्पेनचा वाद कळतच नाही. स्पेनचे पंतप्रधान सांचेझ यांचं तेव्हा म्हणणं होतं, ठरलेल्या लष्करी क्षमता २.१ टक्क्यांत उभ्या करू.

प्रतिसाद ३: अशा खर्चाचा आलेख दिसला की आधी तळटीप वाचा. नाटोच्या व्याख्येत सैनिकांची पेन्शनही येते, त्यामुळे संरक्षण मंत्रालयाच्या बजेटशी आकडा जुळेलच असं नाही. शिवाय जीडीपी घसरला तरी टक्केवारी वाढते. तोफ एकही वाढलेली नसते!