मारवाडी घोडी ५९ इंच, हिला कोणता घोडा लावावा? (मोहोळ, जि. सोलापूर)

सीनाकाठ
घोडी मारवाडी आहे, कागद नाहीत. वय सात, दातांनी पूर्ण जुळलेली. उंची ५९ इंच, रंग तेलिया कुमैत (गडद तपकिरी, आयाळ-शेपूट काळी). कान टोकाला मिळतात, मान उचलून, रेवाल चाल (स्वाराला हादरे न देणारी) जन्मजात. दोष दोन : पाठ जरा लांब, आणि मागचे पाय हॉकपासून (मागच्या पायाचा मधला सांधा) कोयत्यासारखे वळून पोटाखाली येतात. चार वर्षांपूर्वी एकदा व्यायली, त्यानंतर घोडा लावलेला नाही.

समोर तीन घोडे आहेत.
१) मुश्की (काळा) मारवाडी, ६५ इंच, बारामतीकडचा, फी ३१ हजार. याचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात.
२) कुमैत मारवाडी, ६१॥ इंच, माळशिरस तालुक्यातला, फी ११ हजार.
३) नुकरा (पांढरा, गुलाबी कातडीचा), ६३ इंच, फी १५ हजार.

शिंगरू आधी स्वारीला हवं, पुढे मागे अकलूजच्या बाजारात उभं करता आलं तर उत्तम. ६५ इंची घोडा लावला तर व्यायला अडेल असं इथले सगळे सांगतात. खरं का?

टाप
अडण्याची भीती डोक्यातून काढा. गाईम्हशींवरून लोक तसं म्हणतात. जन्मावेळी शिंगरू किती मोठं असणार हे मुख्यतः घोडीचं गर्भाशय ठरवतं. १९३८ साली केंब्रिजला शायर आणि शेटलंड या अगदी टोकाच्या दोन जातींचा उलटसुलट संकर करून पाहिला होता. शेटलंड आईचं शिंगरू शेटलंडएवढंच जन्मलं, बाप शायर असूनही.

अडचण नंतरची आहे. उंच बापाचं शिंगरू सहा महिने ते दीड वर्ष झपाट्याने वाढतं. त्यात खुराक दाण्याचा आणि कॅल्शियम कमी असेल, तर सांधे सुजतात, पुढचे नळे (गुडघ्याखालची हाडं) वाकतात. शिवाय ६५ इंचातली उंची कशातून आली ते बघा. नुसत्या लांब नळ्यांतून आली असेल आणि छाती उथळ असेल, तर तुमच्या लांब पाठीच्या घोडीला तो घोडा नकोच.

आता मुद्द्याचं. घोडीचे मागचे पाय कोयत्यासारखे आहेत म्हणून मागून खांबासारखा सरळ घोडा शोधायला जाऊ नका. उलटा दोष लावून दोष कटत नाही. शिंगरू मधलं निघेलच असं नाही, एखादं आईसारखं निघतं, एखादं बापासारखं. त्या जागी जो घोडा बरोबर आहे तोच घ्यायचा. सपाट जमिनीवर घोडा चौरस उभा करा आणि बाजूने बघा. ढुंगणाच्या टोकापासून सोडलेला ओळंबा हॉकच्या मागच्या टोकाला लागून नळ्याच्या मागून सरळ खाली उतरला पाहिजे. सुतळीला नट बांधून नेलात तरी चालतं. मालक हसेल, हसू द्या. मग दगडी किंवा डांबरी जागेवर सरळ रेषेत चालवून मागून बघा. व्हिडिओ बघून ठरवू नका, त्यात घोडा कायम नाचत असतो आणि कॅमेरा खाली धरलेला असतो.

कुमैतवाला
वरच्याला जोड. घोडा बघायच्या आधी त्याची पोरं बघा. निदान पाच-सहा शिंगरं, आया वेगळ्या आणि बाप हाच अशी. सगळ्यांत एकच गोष्ट दिसत असेल तर ती या घोड्याची. एकच देखणं पोरगं दाखवून बाकीची "विकली" म्हणाला, तर समजून घ्या.

जागेवर हे तपासा : वरचे दात खालच्यांच्या पुढे पोपटासारखे नकोत. दोन्ही वृषणं खाली उतरलेली, सारखी आणि घट्ट हवीत. एकच असेल तर तिथूनच परत फिरा, तो दोष पुढे उतरतो. बेंबीला हर्निया होता का तेही विचारा.

रंगाचं थोडक्यात. सुरंग (तांबड्या, आयाळही तांबडी) घोडीला सुरंग घोडा लावला तर सुरंगच येतं. सब्जा (राखाडी) हवा असेल तर आईबापात एक तरी सब्जा लागतो. तुमची कुमैत, त्यामुळे मुश्की लावून मुश्कीच येईल अशी हमी कोणी देत असेल तर तो फी वसूल करतोय. नुकऱ्याला वरातीत मागणी आहे, पण गुलाबी कातडी सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये नाकपुडीवर आणि डोळ्याभोवती करपते. शेतात बसायला वापरणार असाल तर तिसरा घोडा बाद.

आणि भोवऱ्या, म्हणजे अंगावरचे केसांचे भोवरे. मानो न मानो, बाजार मानतो. डोळ्याखाली आसूढाळ (अशुभ मानलेली भोवरी) असलेलं शिंगरू अकलूजला काय, सारंगखेड्याला काय, निम्म्या भावात जातं. विकायचा विचार असेल तर दोघांच्याही भोवऱ्या बघून घ्या.

सीनाकाठ
दोन नंबरचा ओळंब्यात बसतो असं दिसतंय, परवा प्रत्यक्ष बघतो. मालकाकडून कागद कोणते मागू? आणि घोडी चार वर्षं रिकामी आहे, तिचं काय?

अश्ववैद्य
आधी घोडी, मग घोडा. चार वर्षं रिकामी म्हणजे गर्भाशयाचा स्वॅब आणि सोनोग्राफी झाल्याशिवाय फी भरू नका. योनीचे ओठ सैल किंवा तिरके असतील तर घोडी आत हवा ओढते, त्याबरोबर शेण जातं आणि गर्भाशयाला सूज राहते. घोडी राहत नाही आणि बोल घोड्याला लागतो. बरगड्या दिसू नयेत पण हाताला लागाव्यात, इतपत अंग हवं.

घोड्याचे कागद : ग्लँडर्स, म्हणजे शेंबा, आणि इन्फेक्शस अ‍ॅनिमियाची कॉगिन्स तपासणी, दोन्ही ताजे आणि निगेटिव्ह. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि पॉझिटिव्ह जनावर कायद्याने मारावं लागतं, इथे भीड नको. तालुक्याच्या दवाखान्यातून रक्त हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राला जातं. मालकाला आणखी दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन महिन्यांत घोड्याला ताप किंवा सर्रा (रक्तातल्या परजीवीचा आजार) झाला होता का? शुक्राणू तयार व्हायला जवळपास ६० दिवस लागतात, त्यामुळे तापाचा फटका नंतर दिसतो. दुसरं, दिवसाला किती घोड्या लावता? दोनच्या वर असेल तर तुमची तिसरी नको.

वेळ : घोडीचा माज ५ ते ७ दिवस, फेरा २१-२२ दिवसांचा. बीज माज संपायच्या २४ ते ४८ तास आधी सुटतं. सोनोग्राफी नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड, घोडी नाकारेपर्यंत. सोनोग्राफी असेल तर बीजपुटी ३५ मिमी झाली आणि गर्भाशय कापलेल्या संत्र्यासारखं दिसलं की एचसीजी (बीज सोडवणारं हार्मोन) २,५०० युनिट शिरेतून. बहुतेक घोड्यांत ३६ ते ४८ तासांत बीज सुटतं, एकच लावणी पुरते. सुटल्यावर लावून फारसा उपयोग नाही, बीज काही तासच टिकतं. शेपटीला पट्टी, साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. डेटॉल, साबण नको, शुक्राणू मरतात.

१४ ते १६ व्या दिवशी सोनोग्राफी टाळू नका. जुळं असेल तर तेव्हाच एक दाबून टाकता येतं. ३५ दिवसांनंतर कळलं तर घोडी मोकळी केली तरी तीन-चार महिने नीट माजावर येत नाही, हंगाम गेला. २८-३० दिवसांना ठोके, ४५ ला पुन्हा.

टाप
करार कागदावर घ्या. "घोडी राहिली" एवढ्यावर फी संपता कामा नये. शिंगरू उभं राहून दूध प्यालं तर फी पूर्ण, नाहीतर पुढच्या हंगामात फुकट लावणी, असं लिहून घ्या. घोडी तिकडे किती दिवस राहणार, चारा कोणाचा, तेही लिहा.

महिना फेब्रुवारी धरा. १० फेब्रुवारीला लावली तर ३४० दिवसांनी, साधारण १६ जानेवारीला व्यायेल. उन्हाचा कडाका लागेपर्यंत शिंगरू तीन महिन्यांचं झालेलं असतं. लावणी पहाटेच.

सीनाकाठ
चारा घरचा : मालदांडीचा कडबा, हत्ती गवत, आणि उन्हाळ्यात कडवळ. वरून गव्हाचा कोंडा. चालेल?

अश्ववैद्य
कडबा चालेल. इंचभर कुट्टी करा आणि पाणी कायम समोर ठेवा, नाहीतर पोट धरतं. हत्ती गवतात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यात कोंडा फॉस्फरसने भरलेला. दोन्ही मिळून हाडं पोकळ होतात, तोंड सुजल्यासारखं दिसायला लागतं. कोंडा कमी करून रोज लसूणघास द्या, मीठ ३०-४० ग्रॅम.

कडवळ बंद. बैलाला चालतं म्हणून घोडीला टाकू नका. हिरव्या ज्वारीने घोड्याचं मूत्राशय सुजतं, मागचे पाय लटपटतात, लघवी ठिबकत राहते. आणि गाभण राहिल्यावर २० ते ५० व्या दिवसांत खाल्लं तर शिंगरू सांधे आखडलेलं जन्मू शकतं. तुमच्या १० फेब्रुवारीच्या हिशोबाने ते दिवस २ मार्च ते १ एप्रिल येतात. ऐन तेव्हाच शेजारच्याचं कडवळ कापणीला येतं, बांधावर चारायला सोडतानाही लक्ष ठेवा.