फौजेतून मॅनेजमेंटच्या वर्गात: सातारा-सांगलीकरांचे अनुभव

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. एक जण पोवई नाक्यावर भेटला, दुसऱ्याचा लेहवरून फोन आला आणि तिसऱ्याची आई घरी येऊन बसली. "फौज सोडतोय, एमबीए करायचंय, कॉलेज कुठलं घेऊ?" मी माझं सांगितलं. पण माझं म्हणजे दहा वर्षांच्या शॉर्ट सर्व्हिसवाल्याचं, ठराविक मुदतीपुरतं फौजेत गेलेल्या अधिकाऱ्याचं. हवालदाराला, पेन्शन घेऊन उतरणाऱ्या कर्नलसाहेबांना किंवा नवऱ्याच्या पोस्टिंगमागे घरं बदलत राहिलेल्या वहिनींना ते कसं लागू पडणार? म्हणून आपल्या दोन जिल्ह्यांतल्या ओळखीच्यांना लिहायला बोलावलंय. नावं नकोत, हुद्दा आणि गाव पुरे. आणि जे चुकलं ते आधी लिहा, मागून येणाऱ्यांना त्याचाच उपयोग जास्त.

मेजर (शॉर्ट सर्व्हिस), एएससी (लष्कराची रसद शाखा), सातारा

सुरुवात मीच करतो. शिकलो सातारच्या सैनिक स्कूलमध्ये. १९६१ सालची ही देशातली पहिली सैनिक शाळा, त्यामुळे आमच्या वर्गातल्या पोरांना फौजेत कसं जायचं हे पाठ होतं. फौजेतून बाहेर कसं पडायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. मी वर्तमानपत्रातली क्रमवारी घेतली, वरची पाच नावं उतरवली आणि अर्ज भरायला बसलो.

रेजिमेंटच्या मेसमध्ये ओळख झालेले एक सीनियर माझ्या आधी दोन वर्षं बाहेर पडले होते. त्यांना यादी पाठवली. त्यांनी उलट विचारलं, "कोर्स संपल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी तू कुठं जाऊन काय काम करणार आहेस? ते सांग, मग कॉलेजचं बोलू." मला दोन महिने उत्तर देता आलं नाही. शेवटी उत्तर माझ्याच नोकरीत सापडलं. लडाखमध्ये रस्ते बंद व्हायच्या आत पूर्ण हिवाळ्याचं रेशन आणि इंधन वर पोचवायचं, हेच मी दोन हंगाम केलं होतं. बाहेरच्या जगात याला सप्लाय चेन म्हणतात. मग यादी बदलली. कुठल्या कॉलेजातून या कामाला किती जण घेतले जातात आणि वर्गात वर्दीतले किती असतात, एवढंच बघितलं.

दोन वर्षांचा नेहमीचा कोर्स मी सोडून दिला. कॅट, म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा, देऊन गेलो असतो तर बाकावर बावीस-चोविशीतली मुलं आणि नोकरीही त्यांच्याच पायरीची. माझी दहा वर्षं कुणी मोजली नसती. एक वर्षाचे कोर्स अनुभव असलेल्यांसाठीच असतात: आयआयएममध्ये अहमदाबादचा पीजीपीएक्स, बंगळूर-इंदूरचे ईपीजीपी, लखनौचा आयपीएमएक्स, शिवाय आयएसबीचा (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) पीजीपी. मी आयएसबीच्या मोहाली कॅम्पसला गेलो. तिथंही वयानं मोठ्यांतलाच होतो, बहुतेकांचा अनुभव चार-पाच वर्षांचा. पण माझ्याकडे सांगण्यासारखं काही आहे असं धरून लोक प्रश्न विचारायचे.

परीक्षेचं एक लक्षात ठेवा. जीमॅट या आंतरराष्ट्रीय प्रवेश परीक्षेचा स्कोअर पाच वर्षं चालतो, कॅटचा त्याच वर्षीच्या प्रवेशापुरता. म्हणून पीस पोस्टिंग, म्हणजे सीमेपासून दूर शांत ठिकाणी नेमणूक, असेल तेव्हाच जीमॅट देऊन टाका, भले रिलीजला, म्हणजे फौजेतून सुटायला, दोन वर्षं असोत. फील्डमध्ये अभ्यास होत नाही. मी बंकरमध्ये पुस्तक घेऊन बसायचो, चौथ्या पानावर रेडिओ वाजायचा.

पैशाचं स्पष्ट बोलतो. या कोर्सची फी तीस लाखांच्या वर जाते आणि शॉर्ट सर्व्हिसवाल्याला पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी आणि डीएसओपी या आमच्या भविष्य निर्वाह फंडातली निम्मी रक्कम मी हात न लावता ठेवली, बाकीचं कर्ज काढलं. नामांकित संस्थांतल्या प्रवेशासाठी बँका विनातारण कर्ज देतात. घर गहाण टाकू नका.

मेजर (शॉर्ट सर्व्हिस), सिग्नल्स, वाई

१७ फेब्रुवारी २०२० ला महिला अधिकाऱ्यांच्या पर्मनंट कमिशनचा (निवृत्तीपर्यंतच्या कायम नोकरीचा) सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, तेव्हा माझे अर्ज निम्मे भरून झाले होते. रात्रभर झोपले नाही. ज्यासाठी आमच्या सीनियर्स इतकी वर्षं भांडल्या ते दार उघडलं होतं आणि मी दुसऱ्या दाराशी उभी होते. तरी निर्णय बदलला नाही. पुढच्या वीस वर्षांत मला काय करायचंय हे तोवर ठरलं होतं.

खरा त्रास झाला शिफारसपत्रांचा. माझे सीओ, म्हणजे युनिटचे प्रमुख, पुढच्या चौकीवर. त्यांनी मनापासून लिहिलं, पण लिहिलं एसीआरसारखं, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवालासारखं: निष्ठावान, शिस्तप्रिय, जबाबदारी स्वीकारणारी अधिकारी. कॉलेजला हवा असतो एखादा प्रसंग, ही बाई कुठं चुकली आणि मग तिनं काय केलं. एसीआर गोपनीय, तो जोडता येत नाही. शेवटी मी सरांना फोन करून चार प्रसंगांची आठवण दिली आणि म्हटलं, यातला तुम्हाला जो आठवतो तो तुमच्या शब्दांत लिहा. त्यांनी नेमका तो निवडला ज्यात मी चुकले होते. हिमवादळात लाइन तुटली होती आणि मी माणसं पाठवायला उशीर केला होता. मुलाखतीत पंधरा मिनिटं त्याच्यावरच बोलणं झालं.

निबंधात युनिटचं ठिकाण, उपकरणांची नावं, संख्या यांतलं काहीच लिहायचं नाही. त्यानं निबंध फिका पडेल अशी भीती वाटते, पण पडत नाही. माझी थोरली बहीण वाईत शाळेत शिकवते. तिला मसुदा दिला आणि कळणार नाही तो शब्द खोडायला सांगितलं. पहिल्या पानावर तेवीस शब्द खोडले गेले.

परदेशाचाही विचार केला होता. इंटरनेटवर सैनिकांसाठी एमबीए असं शोधलं की समोर येतं ते जवळजवळ सगळं अमेरिकेचं. जीआय बिल, यलो रिबन या तिथल्या सैनिकांच्या शिक्षणखर्चाच्या योजना वाचून मी महिनाभर हवेत होते. जीआय बिलचा कायदा १९४४ पासूनचा आणि त्यांच्या सैनिकांचा, आपल्याला त्यातलं काही मिळत नाही. बजेट मांडायच्या आधी हे बघा.

शेवटची गोष्ट तारखेची. अहमदाबादचा कोर्स एप्रिलमध्ये सुरू होतो आणि रिलीजची फाइल तिच्या चालीनं चालते. अर्ज करायला परवानगी लागते, सुटायला वेगळी. माझी रिलीजची तारीख कोर्सच्या नंतर पडली आणि वर्षभर थांबावं लागलं. कॉलेजनं जागा राखून ठेवली म्हणून निभावलं. प्रवेश मिळाल्यावर नव्हे, अर्ज करतानाच त्यांना विचारा, जागा पुढच्या वर्षी नेता येईल का.

कर्नल (निवृत्त), कराड

मी डीजीआरमार्फत (माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं सरकारी कार्यालय) आयआयएमचा २४ आठवड्यांचा कोर्स केला. फीचा साठ टक्के भाग सरकार भरतं, चाळीस आपण. शिक्षक उत्तम होते आणि सव्वीस वर्षांनी बाकावर बसण्याचा आनंद निराळाच. मात्र तिथं प्रमाणपत्र मिळतं, एमबीएची पदवी नव्हे. हा फरक मी नीट समजून घेतला नव्हता. पहिल्या मुलाखतीत समोरच्यानं तो समजावून सांगितला, तेव्हा कान गरम झाले.

दुसरं असं, की वर्गात सगळे आपलेच. लष्कर, नौदल, हवाई दल, पण सगळे वर्दीतलेच. एकमेकांचं अर्ध्या वाक्यात कळतं. त्यामुळे ज्याला आपलं कळत नाही अशा माणसाशी वाद घालायची सवय तिथं लागत नाही, आणि बाहेर आल्यावर तीच लागते. पन्नाशीच्या आसपास पेन्शनसह उतरणाऱ्याला हा कोर्स मी नक्की सांगेन. तिशीतल्याला नाही सांगणार.

हवालदार (निवृत्त), मराठा लाइट इन्फन्ट्री, माण तालुका

वरचे सगळे साहेब लोक, त्यामुळे लिहू का नको असं झालं होतं. पण आमच्या माणात पाऊस कमी आणि फौजी जास्त, तेव्हा माझ्यासारख्यांसाठी लिहितो.

मी बारावी पास होऊन भरती झालो. सतरा वर्षं झाली, पेन्शन बसली, वय छत्तीस. पंधरा वर्षं नोकरी झाली की आपल्याला पदवीच्या तोडीचं प्रमाणपत्र मिळतं. मला वाटलं, आता आपण ग्रॅज्युएट. एका शहरातल्या खाजगी कॉलेजात गेलो. काउंटरवरच्या माणसानं कागद बघितला, "चालतंय की" म्हणाला आणि चाळीस हजार भरून घेतले. तीन महिने वर्गात बसलो. मग पात्रता तपासणीत विद्यापीठानं नाव काढलं. ते प्रमाणपत्र सरकारी गट 'क'च्या नोकरीसाठी चालतं, विद्यापीठाच्या प्रवेशाला चालत नाही. पैसे काही परत आले नाहीत. बायकोला सहा महिने सांगितलं नव्हतं.

मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून तीन वर्षं काढून बीए केलं. हेच नोकरीत असताना केलं असतं तर तीन वर्षं वाचली असती. बॅरेकमध्ये संध्याकाळी पत्ते खेळत होतो तो वेळ आठवतो. आत्ता सर्व्हिसमध्ये जो कोणी हे वाचत असेल, त्यानं उद्याच फॉर्म भरावा. एमबीएच्या प्रवेशाला पदवीत खुल्या गटात पन्नास टक्के, राखीव गटात पंचेचाळीस लागतात, नुसतं पास होऊन भागत नाही.

सीईटीला, म्हणजे राज्याच्या एमबीए प्रवेश परीक्षेला, दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न. चुकलं तर मार्क कापत नाहीत, म्हणून एकही सोडायचा नाही. आकृत्यांचे पंचवीस प्रश्न मला सोपे गेले, नकाशे वाचायची सवय होती. गणितासाठी माझी आठवीतली पोरगी उस्ताद झाली. काळ-काम-वेगाची गणितं ती फळ्यावर घालायची आणि उशीर झाला की घड्याळ दाखवायची. इंग्रजीनं मात्र घाम काढला.

कॉलेज निवडताना या खेपेला काउंटरवर गेलोच नाही. शिवाजी विद्यापीठाखालची तीन कॉलेजं बघितली, प्रत्येक ठिकाणी अर्धा दिवस कॅन्टीनमध्ये बसलो. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना चहा पाजला आणि दोनच गोष्टी विचारल्या: तास खरंच होतात का, आणि प्रोजेक्ट कुठल्या कारखान्यात केला. एका ठिकाणी पोरं हसली, "काका, परीक्षेपुरतं यायचं." तिथून उठलो. दुसऱ्या ठिकाणी एक पोरगा साखर कारखान्यातल्या स्टोअरच्या हिशेबाबद्दल वीस मिनिटं बोलत राहिला. तेच कॉलेज घेतलं. आज मीही एका कारखान्यात स्टोअर बघतो. क्वार्टरमास्टरच्या हाताखाली सात वर्षं होतो, मालाची मोजणी मला नवी नाही. पण माल पडून राहिला की त्यात पैसा अडकतो आणि त्या पैशाला व्याज लागतं, हे मला वर्गात कळलं.

लेफ्टनंट कर्नलची पत्नी, गावभाग, सांगली

आमच्याकडे कॉलेजांची यादी करायची वेळ आली तेव्हा तक्त्यात फी, क्रमवारी, पगार असे रकाने होते. घराचा रकाना नव्हता. मुलगा दहावीला जाणार होता, सासूबाई एकट्या. यांच्या मनात जमशेदपूरचा पंधरा महिन्यांचा कोर्स होता, एक्सएलआरआयचं नाव मोठंच आहे. मी नको म्हटलं नाही. तीन ओळी लिहून दिल्या: आईंचं कोण बघणार, दहावी कुठल्या शाळेत, पंधरा महिने घर कशावर चालणार.

उत्तर नंतर कृष्णेनंच दिलं. २०१९ च्या ऑगस्टात पाणी गावभागात शिरलं, तळमजला बुडाला. फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून फरशी, वायरिंग, दारं झाली. आईंना हलवताना हे रजेवर घरीच होते, कमरेएवढ्या पाण्यात. त्या रात्री यांनी स्वतःच लांबचं कॉलेज सोडलं. पुढं पुण्यात नोकरी धरली आणि शनिवार-रविवारचा दोन वर्षांचा कोर्स केला. शुक्रवारी रात्री अभ्यास, सोमवारी ऑफिस, महिन्यातून एकदा सांगली. दमले, पण शनिवार-रविवारी शिकलेलं सोमवारी वापरून बघता यायचं, हे त्यांना फार आवडायचं. मुलाची दहावी सांगलीतच झाली.

नवऱ्यांनो, घराचा रकाना आधी भरा.

नौदल, तांत्रिक शाखा (निवृत्त), तासगाव

माझं थोडक्यात. पंधरा वर्षांनी तेहतिसाव्या वर्षी घरी आलो. एमबीएला पंधरा लाख लागतील असा हिशेब निघाला. दोन कॉलेजं बघून आलो, पुण्याला वैकुंठ मेहता संस्थेतही जाऊन आलो. सहकार आणि शेतमालाचं तिथं शिकवतात आणि चांगलं शिकवतात. पण घरी चार एकर द्राक्ष होतं, वडील थकलेले. मी तीन महिन्यांचा शेतमाल व्यवस्थापनाचा कोर्स केला, जवानांना तो डीजीआरकडून फुकट असतो. पैसे बेदाण्याच्या शेडमध्ये घातले. सौद्याच्या दिवशी माल विकायचा की कोल्ड स्टोरेजला ठेवायचा, हे आज कागदावर मांडून ठरवतो. आमच्या घरात आधी ते अंदाजानं चालायचं. कॉलेज न निवडणं हासुद्धा निर्णय आहे, म्हणून लिहिलं.

अग्निवीर, जत तालुका (अनुभव नाही, प्रश्न आहे)

सर, मी पहिल्या बॅचचा. चार वर्षं भरत आलीत. फौजेत कायम ठेवतात त्या पंचवीस टक्क्यांत आलो नाही तर सेवा निधीचे, म्हणजे सुटताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचे, साधारण अकरा लाख एकाहत्तर हजार मिळतील. घरचे म्हणतात त्यातून एमबीए कर. मी बारावी आहे. कुठलं कॉलेज?

हवालदार, माण तालुका

पोरा, आधी पदवी. इग्नूनं अग्निवीरांसाठी पदवी काढली आहे, तिच्यात तुझ्या ट्रेनिंगचे निम्मे क्रेडिट धरतात. ती पुरी कर, मार्क पन्नास टक्क्यांच्या वर ठेव, मग कॉलेजचं बोलू. तोवर सेवा निधी बँकेत राहू दे, आणि कुठलाही काउंटरवाला "चालतंय की" म्हणाला तर विद्यापीठाचं पात्रतेचं पत्र दाखव म्हण.

मी दर रविवारी दहिवडीत असतो. जतवरून लांब आहे, पण सुट्टीवर आलास की ये. वही आण. काळ-काम-वेग माझी पोरगी शिकवेल, ती आता अकरावीला आहे.