अंतःकरणाची शुद्धी: आधी पुनरुत्थान की आधी साधना?

मोहरीचा दाणा (धागाकर्ता)

उपवासकाळ (पुनरुत्थानाच्या सणाआधीचे चाळीस दिवस) लागला की ख्रिस्ती मंडळींत हा प्रश्न हमखास निघतो: अंतःकरण शुद्ध कसं करायचं? उत्तरंही ठरलेली आहेत. उपवास करा, रात्री दिवसाचा झाडा घ्या, प्रार्थनेचा वेळ वाढवा. यातलं काहीच चुकीचं नाही, पण क्रम चुकतोय असं माझं ठाम मत आहे. चाळीस दिवस मन घासूनपुसून लख्ख करायचं आणि मग पुनरुत्थानाच्या रविवारी ते प्रभूपुढे ठेवायचं, असं आपण धरून चालतो. बायबलचा नवा करार याच्या दुसऱ्या टोकाला सुरुवात करतो.

१ करिंथ १५:१७ मध्ये प्रेषित पौल म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे, तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात. पापातून सुटका झाली की नाही हे तो आपल्या प्रयत्नांवरून ठरवत नाही, रिकाम्या कबरेवरून ठरवतो. प्रेषितांची कृत्ये १५:९ घ्या. यरुशलेमला प्रेषितांची सभा भरली, साधारण इ.स. ४९ची, वाद परराष्ट्रीयांनी (यहुदी नसलेल्यांनी) सुंता करावी की नाही याचा. पेत्र उभा राहून सांगतो की परराष्ट्रीयांची अंतःकरणं देवाने विश्वासाने शुद्ध केली. क्रियापद देवाचं आहे.

आता जुन्या करारातलं गणना १९. मोशेच्या नियमशास्त्रात प्रेताला शिवणाऱ्याला सात दिवसांची अशुद्धता लागते. तांबड्या कालवडीची राख वाहत्या पाण्यात कालवायची, ते पाणी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी एजोब या झुडपाच्या जुडीने शिंपडायचं. तिसरा दिवस चुकला तर सातव्या दिवशीही माणूस शुद्ध नाही. आणि ही राख तयार करणारा स्वतः संध्याकाळपर्यंत अशुद्ध! शुद्ध करणारं पाणी बनवतानाच हात विटाळतात, कारण ते पाणी मरणाच्या डागावर पडतं, मरणावर पडत नाही. इब्री ९:१३-१४ हीच राख आठवून सांगतं की ख्रिस्ताचं रक्त सद्सद्विवेकबुद्धीला निर्जीव कृत्यांपासून शुद्ध करतं. अशुद्धतेचं मूळ मरणात असेल, तर ते मूळ उपटलं गेल्याशिवाय आपली घासपूस कुठवर पुरणार?

जागा पहारेकरी

पूर्ण असहमत. वचनं बरोबर आहेत, पण तुम्ही अर्धीच निवडलीत.

१ योहान ३:३ मध्ये ही आशा बाळगणारा प्रत्येक जण 'स्वतःला शुद्ध करतो'. इथे कर्ता माणूस आहे. याकोब ४:८ सरळ आज्ञाच देतं: हात स्वच्छ करा, अंतःकरणं शुद्ध करा. देवच सगळं करणार असता तर आज्ञेला काय अर्थ राहिला?

पौलाचंच रोम ६ पाहा. चौथ्या वचनात बाप्तिस्मा, मरण, पुनरुत्थान हे सगळं आहे, आणि तेराव्यात लगेच काम सांगितलंय: आपले अवयव पापाला साधनं म्हणून देऊ नका. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ हत्यारं असाही होतो. जीभ, डोळे, हात कुणाच्या हाती द्यायचे याचा निर्णय दिवसातून शंभरदा होतो आणि तो आपणच घेतो.

वाळवंटात राहणाऱ्या जुन्या ख्रिस्ती साधूंनी हे काम फार बारकाईने पाहिलं. सातव्या शतकात सिनाय डोंगरावरच्या योहान क्लिमाकसने विचाराचे टप्पे वेगळे करून दाखवले: विचाराची चाहूल, त्याच्याशी बोलणं, त्याला रुकार, मग बंदिवास, झुंज आणि शेवटी जडलेला विकार. समजा, आपल्यादेखत दुसऱ्याच्या कामाची स्तुती झाली. 'एवढं काही खास नव्हतं' हा विचार चमकून गेला. ही चाहूल, यात दोष नाही. मग आपण त्याच्या चुका आठवायला लागतो, हे बोलणं. आठवता आठवता बरं वाटायला लागतं आणि आपण ते बरं वाटू देतो, हा रुकार. संध्याकाळी तिसऱ्या माणसापुढे त्याच चुका 'काळजीपोटी' सांगतो. पाप तोंडात आलं तेव्हा दिसलं, पण दार दोन टप्पे आधीच उघडलं होतं. 'विश्वासाने शुद्ध झालो' एवढंच धरून बसणाऱ्याला हे दार कुठे आहे तेच कळत नाही, आणि वीस वर्षं मंडळीत राहूनही त्याची जीभ तशीच धारदार राहते.

मोहरीचा दाणा

टप्पे मान्य. पण १ योहान ३:३ दुसऱ्या वचनाला जोडून वाचा. 'तो प्रकट होईल तेव्हा आपण त्याच्यासारखे होऊ, कारण तो जसा आहे तसा त्याला पाहू' ही ती आशा. ती उठलेल्या प्रभूवर टेकलेली आहे. आशा काढून घ्या, मग 'स्वतःला शुद्ध करतो' हे वाक्य लटकत राहतं.

अंजिराखाली

दोघांनीही 'शुद्ध' म्हणजे 'डाग नसलेलं' असं गृहीत धरलंय, म्हणून हा गुंता झालाय.

मत्तय ५:८ मधला ग्रीक शब्द 'काथारोस'. तो धुतलेल्या कापडाला चालतो, तसाच भेसळ नसलेल्या धातूला आणि धान्यालाही. याकोब ४:८ मध्ये 'अंतःकरणं शुद्ध करा' ही आज्ञा कुणाला आहे? द्विबुद्धीच्या लोकांना, म्हणजे ज्यांचं मन दोन ठिकाणी वाटलं गेलंय त्यांना. म्हणून अशुद्ध अंतःकरणात घाणच असते असं नाही. देवही हवा आणि देवाविना मिळणारा मानही हवा, ही सरमिसळ असते.

आणि आपल्या मराठीत एक देणगी आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (लूक १५:१७) तो डुकरं चारता चारता 'शुद्धीवर येतो'. ग्रीकमध्ये तिथे 'स्वतःकडे आला' अशा अर्थाचे शब्द आहेत, शुद्धीचा उल्लेख नाही. पण मराठीत हरपलेलं भान परत येणं हीसुद्धा 'शुद्ध'च. तो मुलगा आंघोळ करून घरी आलेला नाही. डुकरांचा वास अंगाला तसाच आहे, फक्त तोंड घराकडे वळलंय. आणि चोविसाव्या वचनात बाप काय म्हणतो? हा माझा पुत्र मेला होता, तो पुन्हा जिवंत झाला आहे. शुद्धीवर येणं आणि मेलेलं जिवंत होणं, एकाच दाखल्यात, सात वचनांच्या अंतरात. मग आधी कोणतं आणि मागून कोणतं, हा प्रश्नच मला किरकोळ वाटतो.

मोकळं आकाश

मी बाहेरून बोलतोय, पण वाचन आहे. तुम्ही सांगताय ते सगळं पुनरुत्थान हे रूपक मानलं तरी साधतं. जुनं मन मरतं, नवं जन्मतं. त्यासाठी कबर खरोखर रिकामी असायला हवी, असा आग्रह का?

अंजिराखाली

कारण रूपक धरलं की शुद्धीतून शरीर गळून पडतं, आणि ख्रिस्ती शुद्धीचा कणाच तिथे आहे.

करिंथमध्ये हाच वाद होता. 'अन्न पोटासाठी, पोट अन्नासाठी, देव दोन्ही नाहीसं करील' अशी बोली तिथे चालू होती. म्हणजे शरीर तात्पुरतं आहे, त्याचं काहीही केलं तरी मनाला लागत नाही. पौल १ करिंथ ६:१४ मध्ये उत्तर देतो: देवाने प्रभूला उठवलं आणि तो आपल्यालाही उठवील. त्यानंतर चार वचनांनी येतं, 'जारकर्मापासून दूर पळा'. शरीराला पुढे भवितव्य आहे, म्हणून त्याचं आज काय होतं याला मोल आहे.

घटनेबद्दल: १ करिंथ १५:३-८ मध्ये पौल स्वतःला मिळालेला सांगावा पुढे देतो. केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित, शेवटी तो स्वतः. पत्र इ.स. ५५च्या आसपासचं, आणि त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत असं तो लिहितो. रूपकाला हयात साक्षीदार लागत नाहीत. तुम्ही ही साक्ष नाकारू शकता, तो तुमचा हक्क. पण पौलाला रूपक सांगायचं होतं असं म्हणता येणार नाही.

मोकळं आकाश

शरीराचा मुद्दा पटला, असा मी पूर्वी पाहिला नव्हता. साक्षीवर माझं मत तेच. कुणी जिवंत आहेत असं लिहिणं आणि त्यांची साक्ष आपल्या हाती असणं यात फरक आहे.

पाच बोटं

चर्चा छान, पण रात्री बसून करायचं काय? आत्मपरीक्षणाचा विषय निघालाय म्हणून जेसुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची रीत लिहितो. ती १५४८ साली छापली गेली आणि आजही चालते. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. सुरुवात उपकारस्मरणाने: आज काय मिळालं. मग दिवस जसा आहे तसा दिसावा म्हणून कृपा मागायची. मग उठल्यापासून तासातासाने मन कुठे गेलं ते पाहायचं. आधी विचार, मग शब्द, मग कृती. मग क्षमा. शेवटी उद्याचा निश्चय.

चुकतं ते बहुतेक पहिल्याच पायरीवर. उपकारस्मरण गाळून माणूस थेट चुकांवर उतरतो, आणि मग देवासमोर बसलेला राहत नाही, आरशासमोर बसतो. दुसरी चूक ढोबळपणाची. 'आज राग आला' यातून काही हाती लागत नाही. कुणाच्या कोणत्या वाक्यावर आला, तेव्हा आपलं काय धोक्यात आहे असं वाटलं, हे धरलं तर पुढच्या वेळी तो वाक्यासरशी ओळखता येतो. तिसरी, झोपेने डोळे मिटत असताना बसणं. जेवणानंतर लगेच बसावं.

एकाच दोषामागे लागायचं असेल तर त्याची वेगळी रीत आहे. आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघांच्या सात जोड्या. दुपारी पहिल्या रेघेवर, रात्री दुसऱ्या रेघेवर, जितक्यांदा घसरलो तितके ठिपके. मग रेघ रेघेशी, दिवस दिवसाशी, आठवडा आठवड्याशी ताडून पाहायचा. रेघा उत्तरोत्तर आखूड काढलेल्या असतात, कारण ठिपके कमी होतील ही अपेक्षा आखणीतच आहे.

मोहरीचा दाणा

नेमकी हीच भीती. ठिपके कमी झाले की गर्व, वाढले की निराशा. दोन्हीकडे नजर स्वतःवर. हळव्या मनाच्या माणसाला तर यातून दोषभ्रमाचं दुखणं जडतं: कबूल केलेलं पाप पुन्हा कबूल करायचं, नीट सांगितलं होतं ना म्हणून तिसऱ्यांदा. खुद्द इग्नेशियस १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसाला यातच अडकला होता. जुनी पापं पुन्हा उकरायची नाहीत असं ठरवल्यावर तो सुटला.

पाच बोटं

म्हणूनच ज्याला ही सवय आहे त्याने ठिपके मांडूच नयेत, असं मीही सांगेन. त्याने फक्त पहिली आणि चौथी पायरी करावी, आणि एकाच मार्गदर्शकाचं ऐकावं. दहा जणांना विचारलं की शंका दहापट होतात. पण अतिकाटेकोर मनं थोडी असतात, निष्काळजी फार. थोड्यांच्या दुखण्यासाठी सगळ्यांचं औषध बंद करू नये.

कोकराचा दिवा

एक बाजू राहिली. हे सगळे एकट्याने करायचे उपाय झाले. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७३८ मध्ये छोट्या गटांसाठी नियम घालून दिले. आठवड्यातून एकदा भेटायचं, ठरल्या वेळी, उशीर न करता. प्रत्येकाला प्रश्न तेच: मागच्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणतं पाप केलं? कोणते मोह आले? त्यातून सुटका कशी झाली? पाप की नाही अशी शंका कशाबद्दल आहे? लपवून ठेवावंसं काही आहे का?

माझ्या मते तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. पापांच्या यादीत नजर आपल्यावर असते, 'सुटका कशी झाली' म्हटलं की सोडवणाऱ्यावर जाते. असे गट मोडतात ते गुप्तता न पाळल्याने. एक गोष्ट बाहेर गेली की पुढच्या भेटीत सगळे सभ्य बोलू लागतात, आणि मग भेट चालू असली तरी गट संपलेला असतो.

आणि धागाकर्त्यांना एक: अंतःकरण या जन्मी पूर्ण शुद्ध होतं का, यावर धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर आणि वेस्ली यांचं जमत नाही. ल्यूथरच्या मते विश्वासणारा शेवटपर्यंत एकाच वेळी नीतिमान आणि पापी. वेस्ली म्हणतो, प्रीती परिपूर्ण होणं इथेच शक्य आहे. पण रोज पश्चात्ताप हवा, याला दोघांचीही ना नाही. ल्यूथरने १५१७ मध्ये मांडलेल्या ९५ प्रबंधांत पहिलंच विधान ते आहे.

जागा पहारेकरी

योहानाच्या शुभवर्तमानातल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, मग थांबतो. कोळशांच्या विस्तवासाठीचा ग्रीक शब्द नव्या करारात दोनदाच येतो. १८:१८ मध्ये येशूला अटक झाल्यावर पेत्र महायाजकाच्या अंगणात तसल्याच विस्तवाशी शेकत 'मी त्याचा नाही' म्हणतो. २१:९ मध्ये उठलेला प्रभू किनाऱ्यावर तसाच विस्तव पेटवून मासे आणि भाकर घेऊन बसलाय. पेत्राचे तीन नकार, प्रभूचे 'माझ्यावर प्रीती करतोस का?' असे तीन प्रश्न. हे आत्मपरीक्षणच आहे, जागा, वास, संख्या सगळं जुळवून. म्हणजे झाडा घेणं टळत नाही.

मोहरीचा दाणा

टळत नाही, मान्य, आणि माझ्या पहिल्या मांडणीत ही जागा सुटली होती. पण तिथे झाडा घेतोय कोण ते पाहा. आणि तो न्याहारीनंतर घेतोय. आधी 'या, जेवा' म्हणाला.

म्हणून एक सुचवतो. उपवासकाळ चाळीस दिवसांचा, रविवार सोडून मोजलेला. पुनरुत्थानाचा काळ पन्नासाव्याच्या सणापर्यंत पन्नास दिवसांचा, आणि त्यात आपण सगळं सैल सोडतो. आत्मपरीक्षण त्या पन्नास दिवसांत चालू ठेवावं. उपकारस्मरणात रोज योहान २० आणि २१ मधली चार-पाच वचनं घ्यावीत, मग दिवसाकडे पाहावं.

जागा पहारेकरी

पन्नास दिवस कबूल. पण चाळीस सोडून नव्हे, चाळीसनंतर. पेत्र किनाऱ्यावर पोचला तो अंगणाबाहेर जाऊन रडून झाल्यावर.

पाच बोटं

आणि रेघा दोन्ही काळांत. पन्नास दिवस म्हणजे सात आठवडे आणि एक दिवस. आठवड्याला एक पान धरलं तर एका दोषासाठी सात पानं होतात, एक दिवस वर उरतो.